चिनहटची हार आणि श्रद्धेचा ताळेबंद

लखनौहून पूर्वेकडे फैजाबादच्या रस्त्याने निघाले की चिनहट लागते. एके काळी हे शहराबाहेरचे स्वतंत्र गाव होते. आज ते लखनौच्याच पोटात गेले आहे. स्वातंत्र्योत्तर काळात रंगीत झिलईच्या भांड्यांसाठी या गावाचे नाव झाले, आणि पुढे तो धंदा ओसरला. परंतु इतिहासाच्या पुस्तकांत चिनहट आहे ते मातीसाठी नव्हे, तर रक्तासाठी. ३० जून १८५७ या दिवशी येथे इंग्रजांचा जो पराभव झाला त्यातूनच लखनौच्या रेसिडेन्सीचा प्रसिद्ध वेढा सुरू झाला.

या लढाईची लष्करी हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे. तिची एक दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. ती बाजू श्रद्धेची आहे. रोजच्या जगण्यातील घटनांतून ईश्वराचा संकेत शोधावा, भाकरीपासून मरणापर्यंत प्रत्येक अनुभवातून काही धडा घ्यावा, ही ख्रिस्ती भक्तीची जुनी रीत आहे. खुद्द येशूने पेरणारा, खमीर, हरवलेले मेंढरू आणि हरवलेले नाणे यांच्याच गोष्टी सांगितल्या. त्याच्याही पूर्वी यिर्मया संदेष्ट्याला देवाचा संदेश मिळाला तो कुंभाराच्या चाकापाशी. आपल्याकडे गोरोबाकाकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठी मनाला हे काही परके वाटू नये. प्रश्न एवढाच, की असा धडा घेताना मनुष्य स्वतःला तपासतो की दुसऱ्याला? १८५७ सालाने या प्रश्नाची कठोर परीक्षा घेतली, आणि त्या परीक्षेचे एक ठिकाण चिनहट होते.

चिनहटला इंग्रजांच्या फौजेचे नेतृत्व केले ते सर हेन्री लॉरेन्स यांनी. २८ जून १८०६ रोजी सिंहलद्वीपातील मातरा येथे जन्मलेला हा मनुष्य बंगालच्या तोफखान्यातून वर आला. त्याने वायव्य प्रांतात जमीनमोजणीचे काम केले, नेपाळात रेसिडेंट म्हणून दिवस काढले, पंजाबच्या कारभारात मोठा अधिकार गाजवला आणि धाकटा भाऊ जॉन याच्याशी मतभेद झाल्यावर १८५३ मध्ये तो राजपुतान्यात गेला. तो कंपनी सरकारचा निष्ठावंत नोकर होता, हे विसरून चालणार नाही. ज्या सत्तेने संस्थाने गिळली तिचाच तो एक हात होता. तथापि त्या सत्तेच्या दोषांकडे त्याने डोळेझाक केली नाही. हिंदी शिपायाला सैन्यात वर चढण्याची वाट बंद आहे, कर्तृत्ववान मनुष्याला अशी कोंडी फार काळ सोसवणार नाही, असा इशारा त्याने बंडाच्या बराच आधी लेखांतून दिला होता.

लॉरेन्सची श्रद्धा प्रवचनांत वाढली नाही, ती घरात वाढली. त्याची पत्नी होनोरिया हिच्याशी त्याचा विवाह १८३७ मध्ये झाला. तंबूत, छावणीत, डोंगरात तिने संसार थाटला आणि दिवसाचा वृत्तान्त पानोपानी लिहून ठेवला. १८४१ मध्ये त्यांची तान्ही मुलगी दगावली. अशी दुःखे त्या काळच्या इंग्रज कुटुंबांना या देशात नित्याचीच होती. त्यांच्या दफनभूमीत लहान मुलांच्या कबरींची गर्दी असे. परंतु त्या दुःखातून प्रत्येकाने घेतलेला धडा सारखा नव्हता. कोणी नशिबाला बोल लावला, कोणी देशाच्या हवेला. बराकीत वाढणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या मुलांची स्थिती लॉरेन्स रोज पाहत होता. रोगराई, दारूचा शेजार आणि पोरकेपण यांतून त्यांना बाहेर काढावे, म्हणून त्याने स्वतःचा पैसा घालून कसौलीजवळ सनावर येथे १८४७ मध्ये त्यांच्यासाठी वसतिगृह आणि शाळा सुरू केली. आपल्या घरची कळ ओळखून दुसऱ्याच्या मुलासाठी छप्पर उभारणे, हा त्याच्या श्रद्धेचा पहिला हिशेब होय. ती शाळा केवळ गोऱ्यांच्या मुलांसाठी होती, ही त्या हिशेबाची मर्यादाही सांगितली पाहिजे. १८५४ च्या जानेवारीत होनोरिया अबूच्या पहाडावर मरण पावली. तिच्या थडग्यावर दानीएलाच्या ग्रंथातील एक वचन कोरले गेले. मनुष्याने बंड केले असले तरी दया आणि क्षमा परमेश्वरापाशी आहे, असा त्याचा आशय. हे वचन पुढे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८५६ च्या फेब्रुवारीत कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले. नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेला. दरबारावर पोसलेले हजारो लोक उघडे पडले. तालुकदारांच्या जमिनी गेल्या. आणि बंगालच्या पलटणींतील असंख्य शिपायांचे घर अवधात असल्यामुळे प्रत्येक छावणीत ही जखम पोहोचली. मार्च १८५७ मध्ये लॉरेन्स अवधचा चीफ कमिशनर म्हणून लखनौला आला तेव्हा आग धुमसत होती. झालेला अन्याय काही अंशी निस्तरण्याचा प्रयत्न त्याने केला, पण वेळ निघून गेली होती. १२ मे रोजी त्याने शिपायांचा दरबार भरवला आणि हिंदुस्थानीत भाषण करून सांगितले, की सरकार कोणाच्या धर्मात हात घालीत नाही. ऐकणाऱ्यांनी आदराने ऐकले. परंतु ज्या सरकारने काल राज्य घेतले त्याने आज धर्म घेणार नाही म्हणावे, यावर विश्वास ठेवणे कोणालाही कठीणच होते. ३० मे रोजी लखनौच्या छावणीत बंड झाले.

या काळात लॉरेन्सने जे एक काम केले ते दिसायला अगदी साधे, किराणा दुकानदाराच्या जातीचे होते. त्याने धान्य भरले. रेसिडेन्सीच्या आवारात गहू, डाळ, तूप, चारा, सर्पण, दारूगोळा यांचा साठा सुरू झाला. जागा पुरेना तेव्हा तेथील चर्चचेच कोठार झाले. जेथे रविवारी प्रार्थना व्हायची तेथे गोण्यांची थप्पी लागली. यात काहींना विटंबना दिसली असेल. पण रोजच्या भाकरीची प्रार्थना ज्या धर्माच्या मुख्य प्रार्थनेत आहे, त्या धर्माच्या मंदिरात धान्य ठेवण्यात विसंगत ते काय? मेजवानीच्या दिवाणखान्याखाली पोहण्याचा मोठा हौद होता. तोही धान्याने भरून टाकण्यात आला. या हौदाची गोष्ट पुढे येणारच आहे.

जूनच्या अखेरीस कानपूरहून बातमी आली. तेथील इंग्रज शरण गेले आणि २७ जूनला सतीचौरा घाटावर त्यांची कत्तल झाली. त्या बातमीने अवधातील बंडखोर पलटणींना जोर आला आणि त्या नवाबगंजवरून लखनौकडे निघाल्या. त्यांचा अग्रभाग चिनहटजवळ पोहोचल्याचे २९ जूनला कळले. लॉरेन्सच्या भोवती दोन मते होती. भिंतीआड राहून बचाव करावा, हे एक. बाहेर पडून आघाडीवरच फटका द्यावा, हे दुसरे. अर्थखात्याचा कमिशनर मार्टिन गबिन्स दुसऱ्या मताचा मोठा पुरस्कर्ता होता. लॉरेन्स थकलेला होता, आजारी होता, आणि स्वतःच्या विवेकाविरुद्ध तो अखेर बाहेर पडण्यास राजी झाला.

३० जूनच्या सकाळी फौज निघाली. सुमारे सातशे माणसे, दहा तोफा आणि हत्तीने ओढलेली आठ इंची हॉविट्झर. ३२ व्या गोऱ्या पलटणीचे सैनिक, काही हिंदी पलटणींचे शिपाई, थोडे स्वयंसेवक घोडेस्वार आणि अवधचा रिसाला असा तो मेळ होता. निघायला उशीर झाला, ऊन चढले, सैनिकांच्या पोटात अन्न नव्हते. कुकरैल नाल्याच्या पुलाशी थांबून परत फिरावे असा विचार झाला, पण फौज पुढेच गेली. इस्माइलगंज गावाशी तिच्यावर मारा सुरू झाला. बरकत अहमद याच्या नेतृत्वाखालील बंडखोर सैन्य संख्येने कित्येक पट मोठे होते आणि त्याची मांडणीही कुशल होती. अवधच्या तोफचींनी तोफांचे जोत तोडले आणि ते शत्रूला मिळाले. रिसाल्याने पाठ फिरवली. पखाली वाहणारे भिस्ती पळून गेले. ३२ व्या पलटणीचा कर्नल केस पडला. जूनच्या उन्हात तहानेने व्याकूळ झालेली माणसे रस्त्यातच कोसळू लागली. कुकरैलच्या पुलावर लॉरेन्सने तोफा उभ्या केल्या आणि तोफचींना पेटत्या बत्त्या हातात धरून उभे राहण्याचा हुकूम दिला. तोफांत गोळा नव्हता. पाठलाग करणारे त्या देखाव्याने थबकले आणि उरलेली फौज कशीबशी शहरात परतली.

या माघारीतील एक गोष्ट विशेष आहे. १३ व्या पलटणीच्या हिंदी शिपायांनी जखमी गोऱ्या सैनिकांना उचलून माघारी आणले. पुढच्या वेढ्यातही रेसिडेन्सीत लढणाऱ्या सुमारे सतराशे माणसांपैकी सातशेच्या आसपास हिंदीच होते. म्हणजे ज्या दिवशी हिंदी मनुष्य विश्वासघातकी ठरवला गेला, त्याच दिवशी हिंदी मनुष्याने खांद्यावर जखमी वाहिला. आणि त्याच दिवशी पुलाच्या पलीकडे जे लढत होते तेही स्वतःला स्वधर्माचे आणि स्वराज्याचे रक्षकच समजत होते. ज्याला एका दिवसातून एकच धडा काढायचा असेल, त्याने यांतील कोणती गोष्ट वगळावी?

वेढा पडला. १ जुलैला लॉरेन्सच्या खोलीत एक तोफगोळा येऊन फुटला, पण त्याला इजा झाली नाही. खोली बदलण्याची विनंती झाली. दुसरा गोळा नेमका तेथेच येण्याचा संभव फार थोडा, असे तो तोफखान्यातला मनुष्य हसून म्हणाला. मात्र दुसऱ्या दिवशी खोली सोडण्याचे त्याने मान्य केले. २ जुलैच्या सकाळी तो दमून पलंगावर पडला असता दुसरा गोळा त्याच खोलीत आला आणि त्याची मांडी फाटली. पहिला गोळा चुकला याला दैवी कृपा म्हणावे, तर दुसरा लागला याला काय म्हणावे? घटनांतून ईश्वराचे मत वाचणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण हीच आहे. लॉरेन्सने ती सोडवण्याचा प्रयत्न केला नाही. त्याने गोळ्याचा अर्थ लावला नाही. त्याने स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लावला.

डॉक्टर फेरर यांच्या घराच्या व्हरांड्यात तो दोन दिवस जगला. पाळक हॅरिस यांच्या हातून त्याने प्रभुभोजन घेतले. कोणी शरण जाऊ नये, अन्न जपून वापरावे, सनावरच्या मुलांना विसरू नये, अशा सूचना त्याने दिल्या. आपल्याला थाटमाट न करता सामान्य सैनिकांबरोबर पुरावे, असे तो म्हणाला. थडग्यावर काय लिहावे तेही त्याने सांगितले. येथे हेन्री लॉरेन्स निजला आहे, त्याने आपले कर्तव्य करण्याचा प्रयत्न केला, देव त्याच्यावर दया करो, एवढेच. कर्तव्य केले असे तो म्हणत नाही. करण्याचा प्रयत्न केला, असे म्हणतो. चिनहटची हार जिच्या माथी आहे त्या लेखणीलाच हा शब्द सुचतो. आणि पत्नीच्या थडग्यावरचे ते वचन आपल्यासाठीही असावे, अशी त्याने इच्छा दर्शवली.

त्या वचनात बंडाचा शब्द आहे. १८५७ साली सर्व इंग्रजी भाषेत जो शब्द दुसऱ्यासाठी, शिपायासाठी, शत्रूसाठी राखून ठेवलेला होता, तो या मरणाऱ्या सेनानीने स्वतःला लावून घेतला. देवाच्या दरबारात बंडखोर मीच, आणि क्षमेची गरजही मलाच. ४ जुलै रोजी तो मरण पावला. त्याच्या मरणाची बातमी पोहोचण्यापूर्वीच लंडनमध्ये गव्हर्नर जनरलच्या पदावर गरज पडल्यास त्याची नेमणूक व्हावी असा निर्णय झाला होता.

इंग्लंडने मात्र त्याच घटनांतून दुसरेच धडे घेतले. ७ ऑक्टोबर १८५७ हा दिवस राष्ट्रीय उपवासाचा आणि प्रार्थनेचा म्हणून पाळण्यात आला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन या तरुण उपदेशकापुढे तेवीस हजारांहून अधिक श्रोते बसले. त्या दिवशी देशभरच्या व्यासपीठांवरून संकटाचे कारण शोधले गेले. अफूचा व्यापार आणि राज्यलोभ यांवर बोट ठेवणारे काही होते. सरकारने हिंदूंच्या चालीरीतींना फार आश्रय दिला म्हणून देव कोपला, असे म्हणणारेही होते. पुष्कळांनी सूडालाच न्यायाचे नाव दिले. अनुभव एकच, धर्मग्रंथ एकच, आणि निघालेले धडे परस्परविरोधी. यावरून दिसते ते हे, की अनुभव आपोआप काही शिकवीत नाही. विद्यार्थी जे मन घेऊन बसतो त्यावर ते अवलंबून असते.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला. ख्रिस्ती धर्माच्या सत्यावरील आपला विश्वास नमूद करूनच तिने प्रजेवर तो लादला जाणार नाही असे वचन दिले. त्याला अवधच्या बेगम हजरत महल यांनी प्रतिजाहीरनाम्याने उत्तर दिले. न्यायदानाचा एखाद्या धर्माच्या खरेखोटेपणाशी काय संबंध, असा रोखठोक प्रश्न त्यात होता. शंभर प्रवचनांना जे सुचले नाही ते या प्रश्नात आहे. राज्यकर्ता आपल्या विजयाला आपल्या धर्माचा पुरावा मानू लागला, की त्याची श्रद्धा संपते आणि त्याचा दरारा तेवढा उरतो.

मग ख्रिस्ती भक्तीची ती जुनी रीत खोटी म्हणावी काय? याचे उत्तर मराठी मुलुखात सापडते. ज्या १८५७ साली चिनहटला तोफा डागल्या जात होत्या, त्याच साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती झालेल्या या मराठी लेखकाने यमुना आणि विनायक या जोडप्याच्या प्रवासातून विधवांची स्थिती दाखवली. त्यातील धर्मबोध जाणवण्याइतका उघड आहे. परंतु त्याचा आधार मोठी लढाई नाही. घरोघरी दिसणारे केशवपनाचे दुःख, हा त्याचा आधार आहे.

पुढे नारायण वामन टिळक यांना नवा करार मिळाला तो कोणत्या मंदिरात नव्हे, तर आगगाडीच्या डब्यात, नागपूरहून राजनांदगावकडे जाताना, एका गोऱ्या सहप्रवाशाच्या हातून. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाची किंमत त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, कित्येक वर्षे ताटातुटीने चुकवली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे, की त्यांच्या मनातला बदल वादविवादाने झाला नाही. चूल, पाणी, सोवळे-ओवळे यांच्यातच तो झाला. माणसे देवाने केली, जाती मग कोणी केल्या, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. त्याचे उत्तर त्यांनी आपल्या ताटात आणि पेल्यात अमलात आणले. इतरांना दोष देऊन त्या थांबल्या नाहीत. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या मृत्यूनंतर, १९१९ नंतर, त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरे केले. कीर्तन, अभंग आणि ओवी यांच्या चालीवर ही भक्ती मराठी झाली. तिला राज्याची सावली लागली नाही.

लॉरेन्सचा व्हरांडा आणि लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघर यांत अंतर फार आहे. एक राज्यकर्त्यांच्या बाजूचा सेनानी, दुसरी अक्षरओळख उशिरा झालेली कोकणस्थ घरातली स्त्री. तरी दोघांची कसोटी एकच दिसते. घडलेल्या गोष्टीतून जो धडा घ्यायचा, तो प्रथम आपल्यालाच लागू करायचा. लॉरेन्सने हे आयुष्यभर साधले असे नाही. अवधचा अन्याय त्याच्याच सरकारने केला होता आणि त्याने त्याची नोकरी सोडली नव्हती. पण अखेरच्या दोन दिवसांत त्याने आपला हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर मांडला नाही, हे मान्य केले पाहिजे.

राहिली ती हौदाची गोष्ट. लॉरेन्स गेल्यावर साठा किती आणि कोठे आहे, याची पुरी माहिती कोणालाच उरली नाही. जे हाती होते त्याच्या जोरावर लोक अर्ध्या शिध्यावर राहिले. अन्न संपत आल्याचे कळवल्यामुळे बाहेरून येणारी कुमकही घाई करीत आली. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि औट्रम आत शिरल्यानंतर जो तपास झाला त्यात दिवाणखान्याखालचा तो हौद धान्याने भरलेला सापडला. नोव्हेंबरपर्यंत त्या माणसांची उपजीविका त्याच साठ्यावर चालली. ज्याने तो साठवला त्याच्या हातून चिनहटला युद्ध हरले होते.

इतिहास चिनहटचा पराभव लक्षात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. तो पराभव या देशातील शिपायांच्या पराक्रमाचीही साक्ष आहे. परंतु श्रद्धेच्या ताळेबंदात रणांगणाची बाजू जमेला नसते आणि खर्चालाही नसते. तेथे मोजले जाते ते आंधळ्या हौदात भरून ठेवलेले धान्य, पुलावरून वाहून आणलेला परका जखमी, जात विसरून प्यायलेला पाण्याचा पेला. कुंभाराच्या चाकावर माती बोलत नाही. तिच्यावर कोणता हात फिरला ते भांडे भाजून निघाल्यावर कळते.